उतरत्या किमतीची जर्मन मोटार

२०१२ साली बी.एम.डब्ल्यू. कंपनीने आपली ‘थ्री सीरिज’ नव्या घडणीत भारतात आणली, तेव्हा तिची शोरूममधील किंमत सुमारे २९ लाख रुपयांपासून पुढे होती. त्यात वाहनकर, विमा आणि त्या काळी नाशिक महापालिका वसूल करीत असलेली जकात मिळविली म्हणजे मोटार कॉलेज रोडवरून धावू लागेपर्यंत हा आकडा आणखी कित्येक लाखांनी फुगत असे. तीच मोटार आज एखाद्या मध्यम प्रतीच्या नव्या देशी मोटारीच्या किमतीत, आणि पुष्कळदा त्याहूनही कमी मोबदल्यात, दारात उभी करता येते, आणि म्हणूनच कारखान्यातील अधिकारी, तरुण डॉक्टर, द्राक्षाच्या निर्यातीत चार पैसे मिळविलेला बागाईतदार अशा नाना तऱ्हेच्या लोकांच्या मनात ती घेण्याचा विचार डोकावू लागतो. या विचारात वावगे असे काही नाही. तथापि एक गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे, ती अशी की मोटारीची किंमत वर्षागणिक उतरत जात असली, तरी तिचे सुटे भाग, तिचे तेल, तिचे टायर आणि तिला जाणणाऱ्या मिस्त्रीची मजुरी यांचे दर तिच्या जन्मकाळच्या इभ्रतीलाच बांधलेले राहतात. दहा लाखांना घेतलेली मोटार दुरुस्तीला नेली म्हणजे ती पुन्हा चाळीस लाखांचीच होते.

या मोटारींची जात कोणती, हे थोडक्यात पाहू. चार दारे, पाच आसने, मागे प्रशस्त डिकी असे बाह्यतः अगदी संसारी रूप, पण हाकणाऱ्याला मात्र शर्यतीच्या गाडीची चपळाई आणि रस्त्याची बिनचूक जाणीव, असा हा संकर आहे. १९५९ च्या डिसेंबरात बी.एम.डब्ल्यू. ही कंपनी इतकी डबघाईला आली होती की ती डाइमलर-बेंझच्या ताब्यात जाण्याचा प्रस्ताव भागधारकांच्या सभेपुढे आला होता. सभेत तो बारगळला, आणि अवघ्या दोन वर्षांनी, १९६१ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात, तिने ‘१५००’ नावाची जी मोटार मांडली, तीतून या साऱ्या वंशाचा विस्तार झाला. पुढे १९७५ साली पहिली ‘थ्री सीरिज’ निघाली. १९८० साली ऑडीने चारही चाकांना जोर देणारी ‘क्वात्रो’ आणली. आणि १९८३ साली मर्सिडीजसारख्या भारदस्त घराण्यानेही कॉसवर्थ या इंग्रज कारखान्याकडून इंजिनाचे शीर्ष बांधून घेऊन १९० ई या मोटारीची एक तिखट आवृत्ती काढली. बी.एम.डब्ल्यू.ची रचना पाहिली तर इंजिन शक्य तितके मागे सरकविलेले, बॅटरी डिकीत, जोर मागच्या चाकांवर आणि पुढच्या चाकांकडे केवळ दिशा देण्याचे काम, अशी विभागणी आढळते. त्यामुळे मोटारीचे वजन पुढील व मागील चाकांवर जवळजवळ सारखे पडते, आणि कसाऱ्याच्या वळणावर स्टिअरिंगमधून हाताला जो निर्मळ प्रतिसाद मिळतो, त्याचे मूळ या वाटणीत आहे. ऑडी ‘ए फोर’ ही बहुतेक पुढच्या चाकांनी ओढली जाणारी. ती शांत, नेटकी आणि सरळ रस्त्यावर स्थिर असते, परंतु हाकण्याचा तो विशिष्ट आनंद तीत कमी, असे माझे मत आहे, आणि ते मान्य न करणारेही पुष्कळ भेटतात.

महाराष्ट्राचा या उद्योगाशी संबंध जुना आणि जवळचा आहे. मर्सिडीजने १९९० च्या दशकाच्या मध्यावर पिंपरीला टेल्कोच्या आवारात मोटारी जोडावयास प्रारंभ केला, आणि २००९ पासून तिचा स्वतंत्र कारखाना चाकणला आहे, स्कोडा २००१ साली तेव्हाच्या औरंगाबादेत, शेंद्र्याला आली, आणि पुढे ऑडीच्या मोटारीही त्याच छपराखाली जोडल्या जाऊ लागल्या, बी.एम.डब्ल्यू.ने मात्र २००७ साली चेन्नईची वाट धरली. नाशिकचा धागा याहूनही आतला आहे. सातपूरच्या ज्या कारखान्याला जुने नाशिककर अद्यापि ‘मायको’च म्हणतात, आणि ज्याच्यावरून मायको सर्कल हे नाव पडले, तो बॉश या जर्मन कंपनीचा असून डिझेल इंजिनात इंधन फवारणारी नोझल व इंजेक्टर हे त्याचे मुख्य उत्पादन राहिले आहे. आधुनिक डिझेल मोटारीत हे इंधन १६०० ते २००० बार इतक्या प्रचंड दाबाने फवारले जाते, आणि इंजेक्टरमधील फटी काही मायक्रॉनांच्याच असतात. सबब टाकीत पाण्याचा किंवा भेसळीचा अंश गेला, तर त्याचे प्रायश्चित्त लगेच आणि रोखीने घ्यावे लागते. ही विद्या जाणणारे कारागीर या शहराला नवे नाहीत, आणि जुनी डिझेल मोटार घेणाऱ्या नाशिककराची ही एक जमेची बाजू म्हटली पाहिजे.

आता निवडीच्या मूळ प्रश्नाकडे वळू. रोजच्या वापराची मोटार म्हटली म्हणजे रोज म्हणजे नेमके किती आणि कोठे, हे आधी कागदावर मांडावे. गंगापूर रोडवर राहणारा आणि सातपुरास अथवा अंबडला कामास जाणारा मनुष्य एका वेळी जेमतेम आठ-दहा किलोमीटर हाकतो, आणि त्यातही सिग्नल, इंदिरानगरच्या बोगद्यापाशी तुंबलेली रांग आणि येत्या सिंहस्थाच्या कामांसाठी उकरलेले रस्ते यांत निम्मा वेळ जातो. अशा वापरास २०२० नंतरची, म्हणजे ‘बी.एस. सहा’ नियमांखालील, डिझेल मोटार अगदीच विजोड आहे. या मोटारींच्या धुराड्यात काजळी अडविणारी एक गाळणी बसविलेली असते. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी धुराचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास चढावे लागते, आणि ते चढण्यासाठी मोटार पंधरा-वीस मिनिटे तरी मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने धावावी लागते. रोजच्या आठ किलोमीटरच्या फेऱ्यांत ही क्रिया सुरू होते आणि अर्धवट तुटते; न जळालेले डिझेल झिरपून इंजिनाच्या तेलात मिसळते; गाळणी तुंबते, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, आणि मालक मोटारीच्या नावाने बोटे मोडीत बसतो. उलटपक्षी ज्याला आठवड्यातून दोनदा मुंबईस जावे लागते, किंवा संभाजीनगर-नागपूरकडे ज्याचा व्यवसाय पसरलेला आहे, त्याला डिझेलखेरीज दुसरा विचार करण्याचे कारण नाही. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून तर इगतपुरीजवळ त्या रस्त्याला लागणाऱ्या नाशिककराला या मोटारींचा खरा स्वभाव कायद्याच्या मर्यादेत राहूनही अनुभविता येतो. कारण तेथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, आणि ज्या देशात त्या घडल्या तेथील महामार्गांवर १३० ही नुसती शिफारस केलेली गती आहे.

पेट्रोल मोटारीच्या बाबतीत वीस टक्के इथेनॉलमिश्रित इंधनाचा विचार ओघाने येतो. ऊस पिकविणाऱ्या जिल्ह्याने या धोरणाबद्दल कुरकुर करू नये हे खरे; परंतु युरोपातील पंपांवर सामान्यतः दहा टक्के मिश्रणाचे पेट्रोल मिळते आणि जुन्या मोटारींच्या नळ्या व रबरी गास्केटे त्याच मानाने बेतलेल्या असतात, हे लक्षात घेऊन दहा-बारा वर्षांच्या मोटारीच्या इंधननळ्या खरेदीच्या वेळीच तपासून, जरूर तर बदलून घ्याव्यात. मोटार पावसाळाभर तशीच उभी ठेवावयाची असल्यास टाकीत महिनोन्‌महिने जुने पेट्रोल ठेवणेही बरे नव्हे, कारण इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते.

रस्त्यांचा विषय याहून कटू आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निर्देशानुसार गोलाकार गतिरोधकाची उंची १० सेंटीमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असावी. इतक्या सावकाश चढणाऱ्या उंचवट्यावरून कोणतीही सेदान निर्धास्त जाईल. परंतु आपल्या वसाहतींतून आणि शाळांच्या फाटकांपाशी जे गतिरोधक घातले जातात, त्यांची उंची पुष्कळदा याहून जास्त आणि रुंदी हातभरच असते, आणि त्यांवर मोटारीचे पोट घासल्याचा जो आवाज येतो तो ऐकून मालकाच्या पोटात गोळा उठतो. त्यातच या मोटारींना बहुधा ‘रनफ्लॅट’ टायर असतात. हवा पूर्ण गेली तरी ताशी ८० च्या गतीने सुमारे ८० किलोमीटर जाता यावे म्हणून त्यांच्या कडा कठीण केलेल्या असतात, आणि तो कठीणपणा खड्ड्याचा सारा आघात अलॉय चाकाकडे व सस्पेन्शनच्या बुशांकडे पोहोचवितो. स्टेपनी कित्येक मोटारींत मुळातच नसते. पंक्चरचे दुकान दर फर्लांगावर असलेल्या आपल्या देशात साधे ट्यूबलेस टायर घालून डिकीत एक बारीक स्टेपनी बाळगणे हेच शहाणपणाचे होय, आणि पुष्कळ मालक यथावकाश त्याच निर्णयावर येतात. चार टायरांमागे वाचणारी रक्कमही थोडीथोडकी नसते. तात्पर्य, पाहावयास आणलेली मोटार पन्नास हजार किलोमीटरच चालली आहे असे सांगितले, तरी ती नाशिक-ठाणे रस्त्याच्या कोणत्या पावसाळ्यांतून चालली, हे खालून कंदील लावून, म्हणजे लिफ्टवर चढवून, पाहिल्यावाचून कळावयाचे नाही.

इंजिनांच्या अंगभूत दोषांसंबंधी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण येथेच माहीतगार आणि हौशी यांच्यातील अंतर स्पष्ट होते. बी.एम.डब्ल्यू.च्या २००७ ते २०११ या काळातील दोन लिटर डिझेल इंजिनात, ज्याला तंत्रज्ञ ‘एन ४७’ म्हणतात, झडपा हलविणारी साखळी इंजिनाच्या पुढच्या अंगास नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूस आहे. साखळी ताणली गेली वा तिचे प्लॅस्टिकचे मार्गदर्शक झिजले, तर तेथवर हात पोहोचण्यासाठीच इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आणि वेळीच लक्ष न देता साखळी तुटली, तर पिस्टन व झडपा एकमेकांवर आदळून इंजिनच निकामी होते. २०१६ च्या सुधारित आवृत्तीपासून आलेले ‘बी ४७’ हे इंजिन या बाबतीत पुष्कळच सुधारलेले आहे, जरी साखळी तिथेही मागेच राहिली. पेट्रोलच्या ‘३२८ आय’मध्ये ‘एन २०’ नावाचे इंजिन होते, त्याच्या साखळीच्या मार्गदर्शकांची तक्रारही जगभर झाली. ऑडी, स्कोडा व फोक्सवॅगन यांच्या साधारण २००८ ते २०११ मधील १.८ आणि २.० लिटर टर्बो पेट्रोल इंजिनांना तेल पिण्याची खोड होती. कंपनी हजार किलोमीटरला अर्धा लिटर तेल जाणे हे मर्यादेतच धरीत असे, ही मर्यादा ऐकून आपल्याकडचा साधा ट्रकवालाही चकित होईल. मर्सिडीजच्या ‘डब्ल्यू २०४’ पिढीतील पेट्रोल सी-क्लासमध्ये साखळी व कॅमशाफ्टचे दाते झिजण्याचा प्रकार आढळतो.

गिअरबॉक्सांचेही असेच. ऑक्टेव्हिया आणि सुपर्ब यांच्या कित्येक पेट्रोल आवृत्त्यांत सात गतींचा, कोरड्या क्लचांचा ‘डी.एस.जी.’ येतो, तो मोकळ्या रस्त्यावर लोण्यासारखा चालतो, पण द्वारका चौकातील उन्हाळ्यातली रांगती वाहतूक त्याला मानवत नाही, आणि त्याचे मेकॅट्रॉनिक नावाचे नियंत्रक यंत्र बिघडले तर खर्चाचा आकडा ऐकून मनुष्य खाली बसतो. जुन्या ‘ए फोर’मधील ‘मल्टिट्रॉनिक’ टाळावा, हे एका ओळीत सांगून पुढे जातो. या सर्वांत निर्विवादपणे श्रेष्ठ म्हणावा असा गिअरबॉक्स झेड.एफ. कंपनीचा आठ गतींचा. २०१२ नंतरच्या ‘थ्री सीरिज’मध्ये तोच आहे. मोटार कंपनी त्याचे तेल ‘आजन्म’ पुरते असे सांगते, पण ज्यांनी तो बनविला ते स्वतः ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी तेल बदलण्याची शिफारस करतात. ‘आजन्म’ म्हणजे कोणाचा जन्म, हमीच्या मुदतीचा की मोटारीचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मोटार पाहावयास जावयाचे ते सकाळी, आणि इंजिन अगदी थंड असताना. विक्रेत्याने आपण येण्यापूर्वीच ते चालू करून तापवून ठेवले असेल, तर हसतमुखाने चहा घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. बोनटवर हात ठेवून तो गार असल्याची खात्री करावी, आणि मग चालू करणाऱ्यास आत बसवून आपण बाहेर, समोरच्या चाकापाशी उभे राहावे. पहिली पाच-दहा सेकंदे महत्त्वाची असतात. तेलाचा दाब वर चढेपर्यंत सैल साखळी बारीक खडखडते, डब्यात खडे हलविल्यासारखी, आणि मग एकाएकी गप्प होते. हा आवाज ज्याने एकदा ओळखला, त्याला पुढे कोणी फसवू शकत नाही. नंतर तेलाची टोपी उघडून आतील बाजू पाहावी, दुधाळ साय दिसली तर तेलात पाणी मिसळल्याची शंका घ्यावी; कूलंटच्या टाकीभोवती वाळलेल्या पांढुरक्या डागांचा माग काढावा. ही जर्मन इंजिने इंधन वाचविण्यासाठी मुद्दाम शंभर अंशांच्या आसपास तापमानावर चालविली जातात, आणि पंपाचे कवच, थर्मोस्टॅट, नळ्यांचे सांधे हे भाग प्लॅस्टिकचे असतात. आठ-दहा वर्षांच्या उष्णतेने ते ठिसूळ होतात, आणि नेमके घाटात दगा देतात. म्हणूनच मोटार हाकून पाहावयाची ती नुसती मुंबई नाक्यापर्यंत नेऊ नये. इगतपुरीपर्यंत जावे, घाट उतरून पुन्हा चढावा, चढणीवर तापमान आणि गिअर बदलण्याची रीत पाहावी, उतारावर ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरते का हे हातांना विचारावे, आणि परतल्यावर दहा मिनिटे इंजिन तसेच चालू ठेवून खाली कोठे थेंब पडतो का पाहावे.

मीटर मागे फिरविण्याची कला आपल्या बाजारात इतकी सर्वत्र आहे की मीटरवरील आकडा हा पुरावा म्हणून स्वीकारूच नये. सुदैवाने या मोटारी आपली रोजनिशी अनेक ठिकाणी लिहून ठेवतात. इंजिन, गिअरबॉक्स, इतकेच काय, बी.एम.डब्ल्यू.च्या कित्येक मोटारींची किल्लीसुद्धा किलोमीटरची नोंद बाळगते, आणि जाणकार तंत्रज्ञ स्कॅनर लावून या नोंदी ताडून पाहू शकतो. अधिकृत वर्कशॉपात चासी नंबर देऊन सर्व्हिसचा पूर्ण तपशील मागवावा. पंधरा-वीस हजार किलोमीटरच्या अंतराने तेल बदललेले दिसले, तर कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे ते बिनचूक असले, तरी मनातल्या मनात शंभरातून दहा गुण वजा करावेत. धूळ आणि रांगती वाहतूक यांच्या देशात आठ ते दहा हजारांवर तेल बदलणारा मालक हाच खरा जपणारा. टायरच्या कडेवरील चार आकडे वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात घडलेला टायर. तीस हजार चाललेल्या म्हणविणाऱ्या मोटारीचे टायर तिसऱ्या जोडीचे निघाले, तर संभाषण तेथेच आटोपते घ्यावे.

पुरात बुडालेली मोटार हा एक स्वतंत्र धोका आहे. गोदावरीच्या पुराची उंची नाशिककर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवरून मोजतात, आणि पाणी कोठवर आले याची आठवण गावाला पिढ्यान्‌पिढ्या राहते. बाजारातल्या मोटारीची स्मृती मात्र एका धुलाईत पुसली जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई बुडाली, आणि अशा प्रत्येक आपत्तीनंतर विमा कंपन्यांनी ‘टोटल लॉस’ म्हणून काढून टाकलेल्या उंची मोटारी लिलावातून दूरदूरच्या शहरांत पसरतात. जर्मन मोटारींत हे दुखणे विशेष जहाल असते, कारण त्यांची विद्युत्‌नियंत्रक यंत्रे आसनांखाली, गालिच्याखाली आणि डिकीच्या तळाशी बसविलेली असतात, आणि पाणी ओसरल्यावर वर्ष-दीड वर्षाने एकेक करून ती मान टाकू लागतात. यावर साधा उपाय आहे: सीट-बेल्ट पूर्ण बाहेर ओढावा. ज्या भागाला सहसा कोणाचा हात लागत नाही, त्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ वा बुरशीचा वास राहून गेलेला असतो. आसनांचे बोल्ट गंजले आहेत काय आणि डिकीतील बॅटरीखालचा पत्रा कसा आहे, हेही त्याच बैठकीत पाहून घ्यावे.

कागदपत्रांच्या बाबतीत मला परराज्यातील मोटारींसंबंधी सावधगिरी सुचवावीशी वाटते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल मोटारींना मनाई केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तीच भूमिका कायम ठेवली. त्या वेळेपासून तेथील दणकट डिझेल सेदान मोटारींचा ओघ अन्य राज्यांकडे वळला. दिल्लीची ती मोटार दिसावयास स्वस्त असते. पण फॉर्म २८ वरील ना-हरकत दाखला, येथील नवी नोंदणी, घसारा वजा जाऊन उरलेल्या किमतीवर महाराष्ट्राचा वाहनकर, आणि या साऱ्यांसाठी पेठ रस्त्यावरील परिवहन कार्यालयात घालावे लागणारे हेलपाटे यांचा हिशेब केला, तर एम.एच. १५ पासिंगची, एका हाताची मोटार लाख-दीड लाखाने महाग असली तरी पुष्कळदा परवडते. नोंदणी पुस्तकावर बँकेचा बोजा आहे काय, हे शेतजमीन घेताना सातबाऱ्यावरील इतर हक्कांचा रकाना जसा वाचतात त्याच दृष्टीने वाचावे. बोजा असल्यास बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. हस्तांतरणासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. राज्यांतर्गत विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत वर्दी द्यावी, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५० वे कलम सांगते. ही केवळ औपचारिकता नव्हे. नोंदणीत ज्याचे नाव, अपघाताची जबाबदारी त्याची, असा स्पष्ट निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात दिलेला आहे. सबब आपली जुनी मोटार नुसत्या सह्या करून दलालाच्या हवाली करणारा मनुष्य कित्येक महिने परक्याच्या पायाशी आपली मान अडकवून बसलेला असतो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्यांना परिवहन खात्याचे अधिकारपत्र घेणे बंधनकारक झाले आहे. ते पाहावयास मागावे, संकोच करू नये. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या मोटारीवर नवी सुरक्षित नंबरप्लेट बसली आहे की नाही, हेही पाहून घ्यावे.

विम्याविषयी एवढेच की, पूर्वमालकाचा ‘नो क्लेम बोनस’ मोटारीबरोबर येत नाही, तो त्याच्याजवळच राहतो. आणि घसारा न धरणारी पॉलिसी जुन्या मोटारीला सहसा मिळत नाही. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक व रबर यांच्या भागांवर निम्मी किंमत कापली जाते, आणि या मोटारींचा पुढचा बंपर, त्यातील सेन्सर आणि दिव्याची काच हे जवळजवळ सगळे प्लॅस्टिकच असते. एका रिक्षेचा हलकासा धक्काही त्यामुळे खिशाला झोंबतो.

तेव्हा कोणती घ्यावी? विचारणारे विचारतात म्हणून माझा कल सांगतो. जो शहरातच हाकणार आणि महिन्यातून एखाद-दोनदा मुंबईस जाणार, त्याने २०१७ नंतरची ‘३३० आय’ पाहावी. तिचे ‘बी ४८’ इंजिन आणि झेड.एफ.चा गिअरबॉक्स ही जोडी आजवरच्या अनुभवाने भरवशाची ठरली आहे. ज्याचे महिन्याचे रनिंग दोन हजारांच्या वर जाते, त्याने २०१६ ते २०१९ मधील ‘३२० डी’ घ्यावी, कारण तिच्यावर ‘बी.एस. सहा’चा तो गाळणीचा संसार लादलेला नाही. ज्याला शांतता आणि मागच्या आसनावरील वडीलधाऱ्यांचे सुख अधिक महत्त्वाचे, त्याने ‘डब्ल्यू २०५’ पिढीची सी-क्लास निःशंक पाहावी. २०२१ पासून भारतात मिळू लागलेली ‘एम ३४० आय’ ही सहा सिलिंडरांची मोटार या सर्वांत मनोहर आहे, परंतु तिचे मोल अद्याप फारसे उतरलेले नाही, आणि ३८७ अश्वशक्ती घेऊन कॉलेज रोडवर काय करावयाचे हा प्रश्न उरतोच. जवळ जाणता मिस्त्री नसेल, मुंबई-पुण्याच्या वर्कशॉपात दोन दिवस मोटार अडकणे परवडत नसेल, तर शेंद्र्याला जोडलेली डिझेल ऑक्टेव्हिया घ्यावी. तिचे नाव चेक असले तरी हाडे जर्मन आहेत, आणि तिचे भाग व तिला जाणणारी माणसे गावोगाव सापडतात.

खरेदीच्या किमतीच्या एक पंचमांश इतकी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला काढून ठेवावी, असे मी धरून चालतो. ताबा मिळताच इंजिनाचे, गिअरबॉक्सचे आणि डिफरन्शिअलचे तेल, ब्रेकचे द्रव, कूलंट आणि सर्व फिल्टर, आधीच्या मालकाने काहीही सांगितलेले असो, एकदम बदलून तारीख व किलोमीटर एका वहीत नोंदवावेत. बॅटरी बदलली तर बी.एम.डब्ल्यू.मध्ये ती संगणकास कळवावी लागते, अन्यथा जुन्या बॅटरीच्या मापाने नवी भारली जाते आणि लवकर मरते. कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याला हे ठाऊक असतेच असे नाही. समृद्धीवर जाण्यापूर्वी टायरांतील हवा सकाळी, टायर थंड असताना, चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटविलेल्या तक्त्याप्रमाणे भरावी, आणि सहा वर्षांहून जुना टायर असेल, तर त्याची नक्षी कितीही शाबूत दिसो, त्या रस्त्याला लागू नये.